सिद्धांतांची जपमाळ

एका सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीने शाळेच्या परीक्षेसाठी तयार केलेल्या साडेतीन मिनिटांच्या चित्रफितीविषयी आज आम्ही तुमच्याशी बोलणार आहोत. गाणे दुसऱ्याचे, कॅमेरा शाळेचा, काम करणाऱ्या वर्गातल्याच दोन मैत्रिणी आणि चित्रीकरणाचे स्थळ म्हणजे गावाबाहेरचा एक कालवा व घरातला जिना. इतक्या किरकोळ वस्तूवर पाक्षिकाची पाने का खर्च करावीत, असे तुमच्यापैकी कित्येकांना वाटेल. आम्हालाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु त्या चित्रफितीबरोबर त्या मुलीने लिहिलेले टिपण आमच्या वाचनात आले. त्यात थोरामोठ्या विचारवंतांची नावे ज्या रीतीने एकामागून एक ओवली होती, ती पाहून आम्हाला स्वस्थ बसवेना.

मुलीचे वडील मूळचे नागपूरचे. इंग्लंडच्या मध्यभागातील एका गावी नोकरीनिमित्त गेले आणि तिथेच स्थायिक झाले. एके दिवशी त्यांचा फोन आला. "जय भीम, दादा. पोरीला डॉक्टर करावे म्हणून इतक्या लांब आलो, आणि ती तर शाळेत गाण्याच्या फिती बनवते आहे. ह्याला काय अभ्यास म्हणायचा?" त्यांच्या स्वरात राग कमी होता, अपमान अधिक होता. ज्याच्या बापाने गिरणीत हाडे झिजवून मुलाला शिकविले, त्याला आपली मुलगी शिक्षणाच्या नावाखाली खेळ करते आहे असे वाटणे साहजिक आहे. पण साहजिक वाटणारी प्रत्येक गोष्ट बरोबर असतेच असे नाही. म्हणून प्रथम ह्या बापाच्या प्रश्नाकडे वळू. मुलीच्या टिपणाचा समाचार त्यानंतर.

इंग्लंडात सोळा ते अठरा वर्षांची मुले ए-लेव्हल नावाच्या परीक्षेस बसतात. त्यात माध्यम अभ्यास हा एक विषय आहे. तिकडची काही वृत्तपत्रे गेली कित्येक वर्षे ह्या विषयाची 'मिकी माऊस विषय' म्हणून टवाळी करीत आली आहेत. आपण कसे लिहितो, कोणाचे छायाचित्र कोणत्या बातमीशेजारी छापतो, मालक कोण आणि जाहिरातदार कोण, हे सतरा वर्षांच्या पोरांनी शाळेत बसून तपासावे, हे वृत्तपत्रांना रुचत नसेल तर त्यात नवल कसले? ज्याची तपासणी होते तो तपासनिसाची थट्टा करतोच. पण आमच्या माणसांनी त्या थट्टेची री ओढावी, ह्याचे मात्र आम्हाला वाईट वाटते. 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. त्याच्या पहिल्याच अग्रलेखात बाबासाहेबांनी मुंबई इलाख्यातील वृत्तपत्रे विशिष्ट जातींचेच हितसंबंध कशी पाहतात, ह्याकडे बोट दाखविले होते. 'केसरी'ने तर पैसे देऊ केले असतानाही 'मूकनायक'ची जाहिरात छापली नाही, असे चरित्रकार नोंदवितात. वृत्तपत्र कोणाच्या मालकीचे आणि म्हणून कोणाचा आवाज त्यात उमटतो, हा प्रश्न जेम्स करन आणि जीन सीटन ह्या दोघांच्या नावाने आज इंग्लंडच्या शाळांत शिकविला जातो. त्यांचे पुस्तक 1981 सालचे आहे. आमच्या घरात तो प्रश्न त्याच्या साठ वर्षे आधी विचारला गेला होता. तेव्हा हा विषय आम्हाला परका नाही, आणि पोरखेळ तर मुळीच नाही.

"वृत्तपत्राचे ठीक आहे, पण गाण्याची फीत?" असे तो बाप पुन्हा विचारील. त्याला आम्ही असे सांगू, की गाण्याची किंमत ज्याने कधी जाणली नाही अशा माणसाने हा प्रश्न विचारला असता तर चालले असते. भीमराव कर्डकांचे जलसे आणि वामनदादा कर्डकांची गीते ज्या समाजात घरोघर पोहोचली, त्या समाजाने तो विचारू नये. जिथे अक्षर पोहोचले नव्हते तिथे डफ पोहोचला होता. आता गाणे कानांप्रमाणेच डोळ्यांनीही ऐकले जाते, एवढाच फरक पडला आहे.

आणि डोळ्यांनी ऐकायचे झाले की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो, दिसायचे कोणी? 1 ऑगस्ट 1981 रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही केवळ गाण्यांच्या चित्रफिती दाखविणारी वाहिनी सुरू झाली. पहिल्या दोन वर्षांत त्या वाहिनीवर काळे गायक अगदी थोडे दिसत. रिक जेम्स ह्या काळ्या गायकाने त्याबद्दल उघड तक्रार केली. 1983 साली डेव्हिड बोवी हा गोरा इंग्रज गायक त्याच वाहिनीवर मुलाखत देण्यास बसला असता त्याने मुलाखतकारालाच उलट विचारले, की तुमच्या पडद्यावर काळे कलावंत इतके कमी का? मुलाखतकाराने लहान शहरांतील प्रेक्षकांच्या आवडीची सबब पुढे केली. त्याच वर्षी मायकेल जॅक्सनच्या 'बिली जीन'ची चित्रफीत त्या वाहिनीवर वारंवार लागू लागली आणि ती सबब किती पोकळ होती हे सर्वांस कळून चुकले. लहान शहरे होती तिथेच होती, त्यांतले प्रेक्षकही तेच होते. विहिरीवरच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आमच्या वाचकांना 'लोकांना आवडणार नाही' ह्या सबबीचा खरा अर्थ उलगडून सांगण्याची आवश्यकता आहे काय?

सबब, गाण्याची चित्रफीत करणे व तिचे परीक्षण करणे ह्यात आम्हाला काही गैर दिसत नाही. बापाचे समाधान झाले की नाही कोण जाणे. त्याने "बरं" म्हणून फोन ठेवला.

परंतु दोन दिवसांनी त्या मुलीने आपले टिपण आम्हाला वाचावयास पाठविले आणि आमचा सूर बदलला. विषय चांगला असून शिकविण्याची तऱ्हा वाईट असली तर काय होते, ह्याचा तो मासलेवाईक नमुना होता.

थोडी हकीगत सांगितल्यावाचून हे समजणार नाही. इंग्लंडात ह्या परीक्षेची पुनर्रचना झाली आणि 2017 सालापासून नवा अभ्यासक्रम वर्गांत आला. एकूण गुणांपैकी 30 टक्के गुण विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या निर्मितीला असतात आणि तिच्यासोबत आपला हेतू विशद करणारे सुमारे 500 शब्दांचे निवेदन द्यावे लागते. त्याखेरीज वीसेक विचारवंतांची एक यादी सरकारने नेमून दिली आहे. तीत रोलाँ बार्थ आहेत, त्झ्वेतान तोदोरोव्ह आहेत, ज्युडिथ बटलर आहेत. स्टुअर्ट हॉल, बेल हूक्स आणि पॉल गिलरॉय आहेत. ह्या यादीबाहेरचे अँड्र्यू गुडविन व लॉरा मल्व्ही हे तर गाण्याच्या चित्रफितीचा विषय निघाला की आलेच. पूर्वीच्या अभ्यासक्रमांत विद्यार्थ्याला स्वतःच्याच चित्रफितीचे परीक्षण ह्या मंडळींच्या साक्षीने लिहावे लागे. वर्गांतली ती सवय अद्याप गेलेली नाही.

मुलीच्या टिपणात आठ नावे होती. नावामागून नाव, आणि प्रत्येक नावापुढे 'ह्यांच्या सिद्धांतानुसार' असे शब्द. ज्यांनी लहानपणी संकष्टीला शेजारच्या आळीतून येणारी सहस्रनामाची आवर्तने ऐकली असतील, त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. नाव घेतले की पुण्य पदरी पडते. अर्थ कळलाच पाहिजे असे नाही.

गुडविनचेच पाहा. त्यांचे पुस्तक 1992 सालचे. वर्गांतून त्याचे सार पाच-सहा कलमांच्या यादीच्या रूपाने फिरत असते. प्रत्येक संगीतप्रकाराच्या चित्रफितींच्या काही ठरावीक खुणा असतात. शब्द आणि चित्र, तसेच संगीत आणि चित्र, ह्यांच्यात नाते असते. ध्वनिमुद्रण कंपनीला आपल्या गायकाचा चेहरा वारंवार जवळून दिसायला हवा असतो. पाहण्याच्या क्रियेला, विशेषतः स्त्रीदेहाकडे पाहण्याला, चित्रफितीत जागोजाग स्थान असते. आणि इतर चित्रपटांचे वा कार्यक्रमांचे संदर्भ तीत येतात. यादी चुकीची आहे असे आम्ही म्हणत नाही. पण मुलीने लिहिले होते, "गुडविन यांच्या सिद्धांतानुसार ध्वनिमुद्रण कंपनीच्या मागणीमुळे मी गायिकेचे नऊ क्लोज-अप घेतले आहेत." वाचकहो, कोणती कंपनी? कोणाची मागणी? तिथे कंपनी नव्हती, करार नव्हता, विकायला काही नव्हते. जिला ती गायिका म्हणते ती तिच्या वर्गातली मैत्रीण, दुसऱ्याच्या गाण्यावर ओठ हलविणारी. म्हणजे बाजारातल्या धन्याची जी गरज गुडविन दाखवून देत होते, ती ह्या मुलीने धनी नसतानाही आज्ञा म्हणून पाळली! मालकाने हाक मारण्यापूर्वीच हात जोडून उभे राहण्याची ही सवय आपल्या मुलांना कोण लावतो? खरा प्रश्न तर हा होता, की कंपनी नसताना तुला नऊ वेळा तोच चेहरा का घ्यावासा वाटला? ह्या एका प्रश्नाच्या उत्तरात तिला बाजाराचे सामर्थ्य कळले असते. बाजार आपल्या डोळ्यांत शिरून बसतो आणि आपण त्याला आपली आवड म्हणतो, हे तिने स्वतःच्या हाताने सिद्ध करून ठेवले होते. पण ते तिला कोणी दाखविले नाही, कारण यादीतले कलम पूर्ण झाले होते.

स्वतः गुडविन ह्यांची तक्रार निराळीच होती. चित्रपटाचे पंडित गाण्याच्या चित्रफितीकडे नुसती चित्रे म्हणून पाहतात, संगीत ऐकतच नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. मुलीच्या 500 शब्दांत संगीताविषयी एकही वाक्य नव्हते.

तोदोरोव्ह ह्यांच्या वाट्याला ह्याहूनही कठीण प्रसंग आला. कथा समतोलातून निघते, समतोल बिघडतो आणि शेवटी नवा समतोल प्रस्थापित होतो, हे त्यांचे प्रतिपादन. गाणे मात्र पुढे जात नाही, ते ध्रुवपदाशी परत येते. परत येणाऱ्या वस्तूला पुढे जाणाऱ्या कथेचा अंगरखा घालायचा म्हणजे तो कुठेतरी उसवणारच.

मल्व्ही ह्यांचा लेख 1975 सालचा, हॉलीवूडच्या कथापटांविषयीचा. कॅमेऱ्याची नजर, प्रेक्षकाची नजर आणि पडद्यावरील पात्रांची एकमेकांवरील नजर, ह्या तिन्ही मिळून स्त्रीला पाहण्याची वस्तू कशी बनवितात, हे त्यांनी दाखविले. वर्गांत त्याचे रूपांतर झाले ते असे: मुलीचे कपडे तोकडे असतील तर 'पुरुषी नजर' आहे, पूर्ण असतील तर नाही. कपडे मोजून नजर मोजता आली असती तर खेडोपाडी पूर्ण लुगड्यातल्या बायकांना काही सोसावेच लागले नसते.

पण सर्वांत मोठा अन्याय झाला आहे तो स्टुअर्ट हॉल ह्यांच्यावर. हे गृहस्थ 1932 साली जमैकातील किंग्स्टन येथे जन्मले. घरात सर्वांत काळे आपणच होतो आणि त्या घराला वर्णाचे किती वेड होते, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. 1951 साली शिष्यवृत्ती मिळवून ते ऑक्सफर्डला आले. पुढे बर्मिंगहॅमच्या संस्कृती-अभ्यास केंद्राचे प्रमुख झाले. 2014 साली निवर्तले. 1973 साली त्यांनी मांडले, की दूरचित्रवाणीवरील संदेश ज्या अर्थाने घडविला जातो त्याच अर्थाने तो घेतला जाईल अशी शाश्वती नाही. घडविणाऱ्याचा अर्थ जसाच्या तसा घेणारे काही; थोडा मानणारे व स्वतःच्या परिस्थितीपुरता वाकविणारे काही; आणि त्या अर्थाची चौकटच ओळखून, ती नाकारून दुसऱ्या चौकटीतून वाचणारे काही. मुलीच्या टिपणात ह्याचे काय झाले? "ज्यांना हे गाणे आवडेल ते पहिल्या गटात, ज्यांना आवडणार नाही ते विरोधी वाचक." झाले! आवडीनिवडीला विरोध म्हणायचे असेल तर कारल्याची भाजी न खाणारे सारेच बंडखोर म्हटले पाहिजेत. विरोधी वाचन म्हणजे नावड नव्हे. 'धर्मकार्य', 'परंपरा', 'गावकी' हे शब्द ऐकताना तुमचे आजोबा मनात जे म्हणत, ते विरोधी वाचन. सांगणारा काय सांगतो आहे हे त्यांना पुरेपूर कळत होते आणि कळत होते म्हणूनच ते तो अर्थ घेत नव्हते. आयुष्यभर वर्णाची चौकट ओळखून नाकारीत आलेल्या एका माणसाच्या विचाराची अशी वासलात लागावी, आणि तीही त्याच्याच देशात येऊन राहिलेल्या आमच्या एका मुलीच्या हातून, हे आम्हाला झोंबले.

आता ज्यासाठी हा लेख लिहिला त्याकडे येतो.

टिपण वाचून आम्ही त्या मुलीला फोन केला व थोडे रागावूनच बोललो. ती मुकाट ऐकून घेत होती. मग म्हणाली, "काका, ह्यात आजीपण होती. मी काढून टाकली." आजी म्हणजे तिच्या वडिलांची आई, वर्ध्याकडच्या खेड्यातली, नंतर नागपुरात विड्या वळून मुले वाढविलेली, आता मुलापाशी राहणारी. आम्ही तो काढून टाकलेला तुकडा मागवून घेतला आणि पाहिला.

गाणे वाट पाहण्याविषयीचे आहे. शेवटच्या ध्रुवपदानंतर शब्द थांबतात आणि सुमारे वीस सेकंद नुसते वाद्यसंगीत चालते. त्या जागी मुलीने आजीला जिन्याच्या पायरीवर बसविले होते व कॅमेरा तिच्या समोर, डोळ्यांच्या पातळीला ठेवला होता. आजीला फक्त कॅमेऱ्याकडे पाहायचे होते. ती पाहीना. मूळ फितीत आवाजही आहे. "माह्यं तोंड कोणाले पाहाचं हाये, माय?" असे ती म्हणते आणि पदर सारखा करून मान खाली घालते. मुलगी पुन्हा सांगते. आजी मान वर करते, भिंग दिसले की नजर पुन्हा पायरीवर. असे तीनदा होते. चौथ्या वेळी मुलगी काहीच बोलत नाही, कॅमेरा चालू ठेवते. आजी आपणहून मान वर करते आणि सरळ भिंगात पाहते. हसत नाही, रडत नाही. नुसती पाहते, आणि मग आपल्यालाच म्हणाल्यासारखी म्हणते, "गावात पाटलाच्या गल्लीतून जातानी मान वर केली का माय मारे."

हा तुकडा का काढला? वर्गातल्या मुलांना कच्ची फीत दाखवून त्यांचे मत घेण्याची रीत आहे. मुले म्हणाली, आजी गोड आहे, पण ह्या प्रकारच्या गाण्यात बसत नाही. शिक्षिकेने विचारले, हे कोणत्या संकेतात मोडते? मुलीला सांगता आले नाही. टिपणात त्यासाठी रकाना नव्हता. म्हणून आजी गेली आणि तिच्या जागी मैत्रिणीचा नववा क्लोज-अप आला.

वाचकहो, आमचा आक्षेप नेमका इथे आहे. ही गोष्ट 'सिद्धांतांनी कलेचा गळा घोटला' अशी नाही. तसे म्हणणारे आळशी लोक पुष्कळ आहेत. आम्ही त्यांच्या पंक्तीला बसणार नाही. सिद्धांत नीट समजला असता तर आजी वाचली असती, असे आमचे म्हणणे आहे. गुडविन ह्यांनीच सांगितले आहे, की चित्र शब्दांचे केवळ दर्शन घडवील, किंवा शब्दांत नसलेला अर्थ त्यांत भरील, किंवा शब्दांशी फारकत घेईल. वाट पाहण्याच्या गाण्यात एक म्हातारी मान वर करते, तेव्हा 'वाट पाहणे' ह्या शब्दांत प्रियकराखेरीज दुसरे काही येऊन बसते. शब्द थांबल्यावर, नुसत्या संगीतावर, ते घडते. ह्याहून चांगले उदाहरण त्या यादीला कुठे मिळणार होते? हॉल ह्यांना विचारले असते तर त्यांनी म्हटले असते, वर्गातल्या इंग्रज मुलांना ती गोड आजी दिसली, कारण मान खाली घालण्याचा अर्थ त्यांच्या संकेतकोशात लाजणे एवढाच आहे. तुझ्या घरात त्याचा अर्थ निराळा आहे. दोन अर्थांमधल्या ह्याच अंतरावर लिही. मुलांचे मत चुकीचे नव्हते, पण ते मत म्हणजे निकाल नव्हता, पुरावा होता. त्या पुराव्याला निकाल मानण्यात आले.

आणि बेल हूक्स! ह्या अमेरिकेतील काळ्या विदुषीचे नाव त्या मुलीच्या टिपणात होते, एका ओळीपुरते. केंटकीमधील एका लहान गावात 1952 साली जन्मलेल्या आणि 2021 साली निधन पावलेल्या ह्या बाईंनी 1992 साली 'विरोधी नजर' ह्या विषयावर निबंध लिहिला आहे. त्याच्या आरंभीच त्या सांगतात, की गोऱ्या मालकाकडे नुसते पाहिले म्हणून गुलामांना शिक्षा होत असे, आणि म्हणूनच काळ्या माणसाच्या मनात पाहण्याची एक दाबून ठेवलेली, हट्टी भूक निर्माण झाली. मल्व्हीप्रभृतींच्या चर्चेत 'स्त्री' म्हणजे गोरी स्त्री एवढेच गृहीत धरलेले असते, काळ्या स्त्रीचा तिथे पत्ताच नसतो, ही त्यांची तक्रार. आता सांगा, आजीचे ते वाक्य आणि ह्या निबंधाचा आरंभ ह्यांत किती हातांचे अंतर आहे? मुलीच्या एका हातात हूक्सचे नाव होते, दुसऱ्या हातात आजीची चित्रफीत होती. नाव तिने ठेवले आणि आजी टाकून दिली.

नजरेचा हा प्रश्न आमच्या मराठी पडद्यावरही येऊन गेला आहे. नागराज मंजुळे ह्यांचा 2013 सालचा 'फँड्री' तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो कॅमेऱ्याच्या दिशेने, म्हणजे आरामात बसून पाहणाऱ्या तुमच्या-आमच्या दिशेने. डुक्कर पकडण्याची गंमत पाहत उभे राहिलेले गावकरी आणि खुर्चीतला प्रेक्षक हे एकाच रांगेत आहेत, हे तो दगड सांगतो. पुढे 2016 साली त्यांच्याच 'सैराट'ची गाणी लग्नाच्या वरातींतून वाजली. वरातीत नाचणाऱ्यांपैकी कितींनी आर्ची परश्याकडे कशी रोखून पाहते, आणि पाहण्याचा तो हक्क तिला पाटलाची मुलगी म्हणून मिळाला आहे की मुलगी असूनही तिने घेतला आहे, ह्याचा विचार केला असेल, हे सांगणे कठीण. महाविद्यालयांतून माध्यमांचे शिक्षण घेणारी आमची मुले त्या गाण्यांच्या नकला मोबाइलवर करतात. त्यांत ट्रॅक्टर असतो, बुलेट असते, मंद गतीने धावणे असते. नजर तेवढी राहून जाते.

दोष कोणाचा? शिक्षिकेच्या माथी तो मारून आम्ही मोकळे होणार नाही. वर्गात मुले पुष्कळ, तपासनिसाला देण्यासाठी पुरावा हवा, आणि पुराव्यात सर्वांत सोपा म्हणजे नाव. नाव मोजता येते. विचार मोजता येत नाही. परीक्षा म्हटली की हे आलेच, असे कोणी म्हणेल. विद्यार्थ्याला प्रथम शब्द तरी मिळू द्या, अर्थ मागाहून येईल, असेही म्हणेल. ह्या दुसऱ्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, हे आम्ही कबूल करतो. आम्हीही पुष्कळ शब्द अर्थाच्या आधी शिकलो. पण अर्थ आपोआप मागाहून येतो असा आमचा अनुभव नाही. पाठ केलेले श्लोक पिढ्यान्‌पिढ्या पाठच राहिले. तुम्ही तर नुकतेच, अमुक एका ग्रंथात आहे म्हणून खरे, हे म्हणणे नाकारून बाहेर पडला आहात. मनूच्या जागी मल्व्ही आणून बसविण्यासाठी निश्चितच नाही. मल्व्हीबाईंनाही ते आवडणार नाही.

तेव्हा तुमच्या घरात असा मुलगा किंवा मुलगी असेल, आणि अशी एखादी चित्रफीत घेऊन तुमच्यासमोर येईल, तर "मला ह्यातले काय कळते" म्हणून बाजूला होऊ नका. सिद्धांत तुम्हाला ठाऊक नसतील. प्रश्न ठाऊक आहेत. कॅमेरा कोणाच्या हातात होता? तो वरून पाहत होता, खालून, की समोरून? कोणाला पाठीमागून घेतले, आणि ते त्याला विचारून का? गाण्यात मुलगी खिडकीत उभी आहे आणि मुलगा रस्त्यावरून चालतो आहे, हे उलट का नाही? गटारावरचा पूल आणि झोपड्या मागे दाखविल्या, त्या तिथे राहणाऱ्यांची गोष्ट सांगण्यासाठी, की नाचणाऱ्याच्या नव्या जोड्यांना उठाव यावा म्हणून? काय काढून टाकले? ह्यातला शेवटचा प्रश्न विसरू नका. त्या मुलीला तिच्या बापाने, मुलीच्या आजीच्या पोटच्या मुलाने, हा प्रश्न विचारला असता तर आम्हाला एवढी पाने लिहावी लागली नसती. पण तो म्हणत होता, हा कसला अभ्यास. आणि आजी शेजारच्या खोलीत होती.

मुलीची निर्मिती ठरल्या तारखेला शाळेत दाखल झाली होती. नियमाप्रमाणे तीत आता बदल करता येत नाही. लेखी परीक्षा अजून व्हायची आहे. आम्ही तिला हूक्सबाईंचा तो निबंध सारांशाच्या पुस्तकातून नव्हे, मुळातून वाचावयास सांगितला आहे, आणि तो वाचून झाल्यावर काढून टाकलेला तुकडा आजीला व बापाला एकत्र बसवून दाखवावयास सांगितला आहे. गेल्या रविवारी तिने तो दाखविला. बाप काही बोलला नाही, असे ती म्हणाली. आजीने मात्र विचारले, की पहिल्या तीन वेळची मान खाली घातलेली चित्रे ह्याच्यात ठेवली आहेस की नाही? मुलीने ती कापली होती. आजी म्हणाली, "तेही ठेव."